धुराच्या बाजूची माणसं

५ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. फोन करणार होते, पण आमच्या डोक्यावरून विमान गेलं की अर्धं वाक्य तेच खातं, आणि उरलेल्या अर्ध्याला तू ‘हो हो’ म्हणतोस. म्हणून कागद. सूनबाई रोज तुझ्या विमानतळावर विमानं झाडायला येतेच, तिच्या हाती पाठवते. उत्तरही तिच्याच हाती दे.

पेपरात तुझा फोटो पाहिला. हातात गुच्छ, मागे पाटी – ‘शून्य कचरा विमानतळ’. पोट जरा पुढं आलंय, पण ऐट आहे. बबडीला दाखवला. म्हणाली, “मामाआजोबा जिंकले?” म्हटलं, हो. “कुणाशी?” आता ह्या पोरीला काय सांगू? तेवढ्यात तिला खोकला आला आणि प्रश्न राहून गेला.

तो खोकला हाच ह्या पत्राचा विषय आहे. आमच्या वस्तीच्या मागे जुनी दगडाची खाण आहे, तुला माहीत आहे. वर्षभरापासून तिच्यात ट्रक कचरा ओततात. ढिगारा आतल्या आत जळत राहतो, वारा आमच्याकडे असतो आणि बबडीची छाती भात्यासारखी चालते. डॉक्टर म्हणाले, “आजी, औषध मी देतो. हवा कुठून देऊ?”

काल मी काठी घेऊन त्या ढिगाऱ्यावर गेले. चांदीच्या कागदाचे चौकोनी डबे, अर्धा घास खाऊन टाकलेले. न फोडलेल्या चमच्यांच्या पुड्या. नखाएवढ्या डबीत लोणी, सीलबंद. धाकट्या, आमच्या वस्तीत नखाएवढं लोणी कोण खातं रे?

कुठल्याही राजवाड्याचा इतिहास वाच. पुढचा दरवाजा जितका मोठा, तितकी मागची मोरी लांब. तुझ्या पाटीच्या मागची मोरी माझ्या अंगणात येते का, एवढंच विचारते आहे. मी आरोप करत नाही.

अजून करत नाही.

तुझी अक्का

•

९ फेब्रुवारी

ती. अक्का,

नमस्कार. पत्र वाचून आधी हसलो, मग वाईट वाटलं. तू शाळेत शिकवत असताना खडू कुणी चोरला हे पोरांच्या डोळ्यांवरून ओळखायचीस. ह्या वेळी चोर चुकला.

नीट सांगतो. दोन वर्षांपूर्वी मी पर्यावरण विभाग हातात घेतला तेव्हा विमानातून उतरणारं सगळं एकाच पिशवीत जायचं – उष्टं, कागद, बाटल्या, लहान मुलांचे लंगोट. विमान उतरून पुन्हा उडेपर्यंत झाडणाऱ्यांना श्वास घ्यायला वेळ नसतो, सूनबाईला विचार. मी दोन रंगांच्या पिशव्या दिल्या. वैमानिकांपासून हमालांपर्यंत सगळ्यांशी भांडलो. आज बाटल्या वेगळ्या, कागद वेगळा, आमच्या उपाहारगृहांतल्या उरल्यासुरल्याचं आवारातच खत होतं. परदेशातून आलेल्या विमानातलं उष्टं मात्र खतालाही चालत नाही. त्यातून तिकडचे रोग इकडं येऊ नयेत म्हणून ते बंद भट्टीत जाळायचं, असा नियमच आहे. ठेकेदाराचा ट्रक ते भरून, तोंड बांधून, माझ्या डोळ्यांदेखत गेटाबाहेर पडतो आणि टेकडीमागच्या भट्टीवर जातो.

तुमच्या खाणीत येतो तो गावाचा कचरा असेल. लोणी काय, हल्ली कुठंही मिळतं.

बबडीसाठी छातीचा पंप पाठवतो आहे, चांगल्या प्रतीचा. आणि अक्का, काठी घेऊन ढिगाऱ्यावर चढायचं वय आहे का तुझं?

तुझा धाकटा

•

२० फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

पंप पोहोचला. बबडी त्याला ‘पिपाणी’ म्हणते.

वय निघालं म्हणून सांगते. परवा आम्ही बायका खाणीच्या तोंडाशी रस्त्यावर बसलो. ट्रक आला, भोंगा वाजवला. आम्ही हललो नाही. ड्रायव्हर उतरला.

“मावशी, उठा. खोळंबा होतोय.”

म्हटलं, “कुठून आणलंस?”

“मला काय करायचंय? भरतात तिथून घेतो, सांगतात तिथं ओततो.”

आमची शिंपीणबाई फटकळ. म्हणाली, “तुझ्या तोंडात ओत म्हटलं तर ओतशील का?”

तो हसला, विडी पेटवली आणि म्हणाला, “विमानतळाचं आहे. झालं समाधान?”

तरी मी म्हटलं, माझा भाऊ खोटं लिहिणार नाही. ड्रायव्हरची गंमत असेल. एक पिशवी ओढून काढली. तोंडाला प्रवाशांच्या पांघरुणाच्या आवरणाची फाडलेली पट्टी बांधलेली होती. सूनबाई कामावरून परतत होती, गर्दी बघून थांबली. तिनं ती पट्टी पाहिली, गाठीवरून बोट फिरवलं. म्हणाली, “आई, ती गाठ माझ्या हातची आहे.”

घरी आल्यावर मी तिला विचारलं, “तुला ठाऊक होतं?”

ती भाकरी थापत होती. मान वर न करता म्हणाली, “संशय होता. बोलले असते तर काम गेलं असतं. काम गेलं असतं तर बबडीचं औषध गेलं असतं.”

मी आयुष्यभर व्यासपीठावरून ‘बोला, गप्प बसणं हा गुन्हा आहे’ असं ओरडत आले. त्या दिवशी मी तवा चुलीवर ठेवला आणि तिच्या भाकऱ्या भाजायला बसले.

आता तुझं बोल. तू लिहितोस की ट्रक माझ्या डोळ्यांदेखत गेटाबाहेर पडतो. गेटाबाहेर तुला डोळे नाहीत का? जे आपल्याला दिसेनासं झालं ते शून्य झालं, असं गणित मी तुला शिकवलं नव्हतं. हा तुझ्या एकट्याचा दोष नाही, मोठमोठ्या राज्यांनी हेच गणित केलंय. पण ती राज्यं माझ्या आईच्या पोटची नव्हती.

अक्का

•

१४ मार्च

ती. अक्का,

उत्तराला उशीर झाला. आधी करायचं होतं, मग लिहायचं होतं.

मी ट्रकच्या मागे गेलो. आधी गाडीनं टेकडीमागच्या भट्टीवर. धुराड्यावर वेल चढलाय. भट्टीच्या तोंडात एक कुत्री व्यालेली, पिल्लं राखेत लोळत होती. रखवालदार म्हणाला, “साहेब, ही पेटत नाही म्हणून तर ती इथं व्याली. जनावराला कळतं.” मग ट्रकच्या मागोमाग तुमच्या खाणीवर गेलो. तू दिसलीस. ओढ्यापाशी कुणाशी तरी हातवारे करत बोलत होतीस. मी गाडीतून उतरलो नाही. काय तोंडानं उतरणार होतो?

तिथून सरळ मोठ्या साहेबांकडे गेलो. ते म्हणाले, “अरे, भट्टी दुरुस्त होईपर्यंतची सोय आहे ती. एवढं काय पेटलंय?” म्हटलं, “साहेब, पेटलंय तेच सांगायला आलोय.” तुझी पद्धत वापरली. पाटी काढून ठेवा नाहीतर मी पेपरवाल्यांना घेऊन खाणीवर जातो, असं म्हणालो.

अक्का, झालं! ठेकेदार बदलला. भट्टीला नवं अस्तर लावलंय, आजपासून ती चालू आहे. तुमच्या खाणीत उद्यापासून एकही ट्रक येणार नाही आणि उद्याच्या उद्या यंत्र लावून ढिगाऱ्यावर मातीचा जाड थर टाकतोय. साहेब म्हणत होते, महिनाभर घे, टप्प्याटप्प्यानं कर. मी म्हटलं, एक दिवस. माझ्या नातीच्या छातीत धूर टप्प्याटप्प्यानं जात नाही.

हे वाक्य तुला आवडेल म्हणून मुद्दाम लिहिलं.

सूनबाईचं नाव कुठंही आलेलं नाही, येणार नाही.

तुझा धाकटा

•

२ एप्रिल

चि. धाकट्यास,

वाक्य आवडलं. इतकं आवडलं की बायकांपुढं माझंच म्हणून सांगितलं.

बाळा, धूर थांबला. पहिले दोन दिवस आम्हाला हवेला काही वासच येईना, चुकल्यासारखं वाटत होतं. बबडी काल ओढ्यापर्यंत धावत गेली आणि धावत परत आली. धापा टाकत होती, पण त्या साध्या धापा, पोरं टाकतात तसल्या. सूनबाई दारात उभी राहून बघत होती, डोळ्याला पदर. मी म्हटलं, “रडतेस काय, धूर तर गेला.” म्हणाली, “म्हणूनच.”

तुला बोलले ते मागं घेत नाही, कारण ते खरं होतं. पण त्यात आता हेही लिहिते की चूक दिसल्यावर गेटाबाहेर येणारा माणूस मी सत्तर वर्षांत फार थोड्या वेळा पाहिला. सभेत सांगते ना, लढा कुणाविरुद्ध असतो? माणसाविरुद्ध नाही, त्याच्या सवयीविरुद्ध. तू तुझी मोडलीस.

एक गंमत. ढिगाऱ्यावरच्या घारी उपाशी पडल्यात. शेकड्यांनी असतील. शाळेच्या छपरावर ओळीनं बसतात, जणू हजेरीच चालू आहे. परवा शिंपीणबाईच्या हातातला पाव एकीनं झडप घालून नेला. शिंपीणबाई आकाशाकडे बघून अशा काही शिव्या घालत होती की घारीनं पाव परत आणून द्यावा! काल-परवापासून त्याही कमी झाल्या. गेल्या कुठंतरी पोटाच्या मागे.

रविवारी जेवायला ये. मुगाची खिचडी करते. पोटाला बरी, फोटोलाही.

अक्का

•

१९ एप्रिल

ती. अक्का,

रविवारी आलो नाही, कळवलंही नाही. त्याचं कारण तुझ्याच पत्रात आहे. घारी कुठं गेल्या ते मला ठाऊक आहे. इथं आल्या.

धावपट्टीच्या दोन्ही बाजूंना गवत आहे. गवतात उंदीर, सरडे. खाण चालू होती तोवर घारींना शिकारीची गरज नव्हती, आयतं मिळत होतं. मी ते एका दिवसात मातीखाली गाडलं. ऊन तापलं की त्या धावपट्टीवरूनच गिरक्या घेत वर चढतात. फटाके लावले, भोंगे लावले. उठतात आणि पुन्हा बसतात.

गेल्या मंगळवारी एक विमान उडता उडता घारीवर गेलं. इंजिनात. मी टर्मिनलच्या काचेशी होतो. आवाज आला, पिपावर हातोडा मारावा तसा, आणि इंजिनातून ज्वाळेची जीभ बाहेर आली. वैमानिकानं एका इंजिनावर फेरी मारून विमान खाली आणलं. सगळे वाचले. उतरताना एक बाई पायऱ्यांवरच बसली, मांडीवर तान्हं. तिला उठवताना मला तिचं अंग लागलं, बर्फासारखं गार.

अक्का, आमच्याच कामाच्या पुस्तकात लिहिलंय की असा ढिगारा एकदम बंद करू नये. हळूहळू कमी करावा, त्याआधी धावपट्टीजवळचं गवत आणि उघड्या मोऱ्या आवराव्यात. मी ते वाचलेलं होतं. तुझ्यापुढं मान वर करता यावी म्हणून घाई केली. साहेब टप्पे म्हणत होते ते आळसानं म्हणत होते, पण बरोबर म्हणत होते.

आता ठरलंय की खाण पुन्हा चालू करायची. घारी तिकडं ओढून न्यायच्या. सहा महिने. विमानतळाचा पर्यावरण अधिकारी म्हणून कागदावर माझी सही लागते. जाळायचं नाही अशी अट घालीन, पण तूही जाणतेस, तो ढिगारा आपला आपण पेटतो.

तू बायकांना समजावशील का? तू सांगितलंस तर ऐकतील. मी मागतोय ते काय आहे हे मला कळतंय. पण त्या बाईचं गार अंग आणि मांडीवरचं तान्हंही मी विसरू शकत नाही.

धाकटा

•

२२ एप्रिल

धाकट्या,

पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा फाडायला निघाले. दुसऱ्यांदा रडले. तिसऱ्यांदा माझ्यातल्या वक्त्याला म्हटलं, ऊठ, उत्तर दे. तो उठला नाही. कारण दोन्ही बाजूंची भाषणं माझ्याजवळ आहेत आणि दोन्ही खरी आहेत. घाई तू केलीस, पण तुला टोचणी मी लावली होती. घारींनी पाव पळवला तेव्हा आम्ही हसत होतो. त्या घारी कुठं चालल्या आहेत हे एकीनंही विचारलं नाही. आमचा धूर गेला ना, बस. म्हणजे गेटाबाहेर आम्हालाही डोळे नव्हते.

तरीही ऐक. विमानातले ते लोक सुखरूप राहायलाच हवेत. त्यात माझं दुमत नाही. पण दर वेळी दोन जीवांत निवड करायची वेळ आली की तराजूच्या खालच्या पारड्यात हीच वस्ती का येते? तुमच्याकडे घारींना हाकलायचा दुसरा एकही उपाय नाही? की आहे, पण त्याचा त्रास वरच्या पारड्याला होतो? हे तुझ्या साहेबांना विचार. बायकांना मी काही समजावणार नाही.

सहीचं म्हणशील, तर ती तुझी तू ठरव. मी तुला अडवणार नाही, शपथ घालणार नाही. फक्त हे पत्र घेऊन सूनबाई येतेय, तिच्याबरोबर बबडीला पाठवते आहे. कपड्यांची पिशवी, पिपाणी आणि तिची उशी. दुसऱ्या उशीवर ती झोपत नाही. तुमची वसाहत धावपट्टीच्या पलीकडे, वारा तुमच्याकडे कधीच नसतो. तिला तिथं ठेव. तुझ्या खिडकीतून खाण दिसत नाही. ही दिसेल.

तिला कारण सांगितलेलं नाही. मामाआजोबांनी बोलावलंय, एवढंच सांगितलंय. खोटं पाडू नकोस.

अक्का

•

६ मे

ती. अक्का,

बबडी मजेत आहे. माझ्या बुटांत घरं मांडते. पहिल्या आठवड्यात एकदा विचारलं, “इथं सगळ्यांची घरं अशी लांब लांब का असतात?” म्हटलं, हवा खेळती राहावी म्हणून. म्हणाली, “मग आमच्याकडची हवा कुठं खेळते?” पिपाणी लागलेली नाही.

तू विचारलंस, दुसरा उपाय आहे का. होता. ऊन चढताना घारी वर उठतात, तेवढा वेळ विमानं सोडायची नाहीत. तोवर गवत खणून काढायचं, मोऱ्या झाकायच्या. काही आठवडे लागले असते. मी तो कागदावर मांडला, खाणीच्या कागदावर सही करायला नकार दिला आणि साहेबांपुढं ठेवला. त्यांनी चष्मा काढला.

“म्हणजे विमानं घारींच्या वेळापत्रकानं चालवायची?”

“काही आठवडे, साहेब.”

“आणि प्रवाशांना काय सांगू? तुमचं विमान चुकलं, कारण आमच्या अधिकाऱ्याची बहीण खाणीजवळ राहते?”

खोलीत सगळे हसले. अक्का, मीही थोडा हसलो. सवय.

दुसऱ्या दिवशी माझ्या जागी माझा उपअधिकारी आला. त्यानं सही केली. मला वाहनतळावर बसवलंय, मोटारी कुठं लावायच्या ते दाखवायचं. ट्रक सोमवारपासून सुरू झालेत, तुला माझ्याआधी कळलं असेल.

आणि एक कडू गोष्ट लपवत नाही. घारी परत गेल्या. धावपट्टी मोकळी आहे. आज सकाळी साहेब भेटले, म्हणाले, “बघ, झालं की नाही काम?” विमानं सुखरूप उडताहेत, हे तर खरंच आहे.

म्हणून एवढंच मागतो, बबडीला माझ्याकडे ठेव. वसाहतीच्या शाळेत नाव घालतो. अधूनमधून भेटायला आणीन. बाकी काही मला वाचवता आलं नाही, निदान ही वाचू दे.

तुझा धाकटा

•

९ मे

माझ्या धाकट्या,

नकार दिलास. उशिरा दिलास, हसत हसत दिलास, पण दिलास. आईच्या पोटची लाज राखलीस. वाहनतळावर उन्हात टोपी घालत जा.

आता इकडचं. सोमवारी पहिला ट्रक आला तेव्हा आम्ही पुन्हा रस्त्यावर बसलो. मी उभी राहिले. बोलायला सुरुवात केली – ही हवा कुणाच्या बापाची नाही, आमची मुलं… एवढ्यात मागून त्या कोपऱ्यातल्या घरातली परटीण, जिचा मुलगा बबडीच्याच वर्गात आहे, ती म्हणाली, “अक्का, तुमची नात कुठाय?”

ओरडून नाही रे. साधं विचारलं, शेजारीण विचारते तसं.

चाळीस वर्षांत माझी सभा कुणी उधळू शकलं नव्हतं. दगड आले, शिव्या आल्या, पोलीस आले. त्या बाईनं चार शब्दांत मला खाली बसवलं. ट्रक गेला. आम्ही वाट दिली, कारण मीच बाजूला झाले होते.

मी काय केलं? तुझ्यावर ओरडले की आपल्याला दिसेनासं झालं ते शून्य मानू नकोस. आणि स्वतःची नात उचलून चांगल्या वाऱ्यात ठेवली, बाकीची पोरं धुरात. मीही एक भिंत बांधली. फक्त ती इतकी बुटकी होती की मला भिंत वाटलीच नाही.

दोन दिवस विचार केला. बबडीला परत आणावी? परटिणीला तोंड दाखवता यावं म्हणून पोरीच्या छातीत धूर भरावा? तो शहाणपणा नाही, ते माझं भाषण वाचवणं झालं. तिथंच ठेवावी? मग मी पुन्हा कधी तोंड उघडू नये.

मग काल परटिणीच्या घरी गेले. तिचा मुलगा भिंतीला टेकून बसला होता, झोपायला आडवं होता येत नाही त्याला. मी तिला म्हटलं, “चूक झाली.” ती म्हणाली, “चूक कसली, मला भाऊ असता तर मीपण पाठवला असता.” मग आम्ही दोघी घरोघर फिरलो.

तर नीट वाच. उद्या सकाळी सूनबाई तुझ्याकडे येईल. तिच्याबरोबर परटिणीचा मुलगा असेल. शिंपीणबाईच्या दोन्ही नाती असतील. आमच्या वस्तीत खोकणारं प्रत्येक मूल असेल, आणि ज्यांच्या आयांना येता येईल त्या असतील. तूच लिहिलंयस की तुमच्याकडे घरं लांब लांब आहेत. मधल्या हिरवळीवर बसतील. उशा आणताहेत.

सूनबाईला मी म्हटलं, “तू राहू दे, तुझं काम जाईल.” पदर खोचत म्हणाली, “आई, वाट मला माहिती आहे. दुसरं कोण नेणार?”

मोठ्या साहेबांच्या घरावरून आणायला सांगितलंय. लपतछपत नाही, मधल्या रस्त्यानं. ते बाहेर येतील, विचारतील ही कुणाची मुलं. ह्या वेळी हसू नकोस. सांग, तुमच्याच विमानतळाची आहेत, इतके दिवस गेटाबाहेर होती.

मी शेवटच्या मुलाचा हात धरून मागून येते आहे. मला चढ जमत नाही, थोडा उशीर होईल. पाणी भरून ठेव.

अक्का